व्होल्टेज आणि करंट मोजून रेझिस्टन्स अन् वॅट कसे काढायचे

पावसाळ्यात जांबोटीकडं मावशीच्या घरी गेलं की सकाळच्या आंघोळीला उशीर ठरलेलाच. यावेळी मावशी म्हणाली, "रॉड गेलाय बघ, पाणी तापंनाच झालंय, बेळगावात जाशील तेव्हा नवीन घेऊन ये." रॉड १५०० वॅटचा, तसा जुना पण नव्हता. म्हटलं थांब मावशी, आधी मोजूया. त्याच मोजमापावरून हे सगळं सांगतो, म्हणजे तुमच्या घरच्या इस्त्रीला, गीझरला, शेगडीच्या कॉईललाही तसंच करता येईल.

लागतं काय, तर एक साधा मल्टीमीटर आणि एक क्लॅम्प मीटर, म्हणजे चिमट्यासारखा वायरभोवती लावून करंट मोजायचा मीटर. बहुतेक क्लॅम्प मीटरमध्येच व्होल्टेज मोजायची सोय असते, त्यामुळं तो एकटा पण चालतो.

पहिलं काम व्होल्टेज. मीटरची काळी वायर कॉमच्या (COM) भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, आणि नॉब एसी व्होल्टवर, ७५० किंवा ६०० जे असेल त्यावर. लाल वायर चुकून अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच प्लगमध्ये घातली तर थेट शॉर्ट होतो, हाताशी भडका उडतो, म्हणून दरवेळी भोकं बघूनच हात पुढं करा. रीडिंग घ्यायचं ते रॉड चालू असताना, त्याच बोर्डावर. मावशीकडं रॉड बंद असताना १८६ व्होल्ट दाखवत होतं आणि बटण दाबल्यावर १७८ झालं. हिशोबाला १७८ घ्यायचे, कारण रॉडला खरोखर मिळतात तेवढेच.

दुसरं काम करंट, आणि चुकतात सगळे इथंच. क्लॅम्प पूर्ण केबलभोवती लावला तर मीटर शून्य दाखवतो, कारण फेजमधून जाणारा करंट आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट एकमेकांना मारतात. क्लॅम्पमध्ये एकच वायर पाहिजे. मी यासाठी फूटभर लांबीचं एक छोटं एक्स्टेन्शन करून ठेवलंय, त्याचं वरचं जाड आवरण मधेच वीतभर काढलंय आणि आतल्या तिन्ही वायरी सुट्या केल्यात (आतलं रंगीत इन्सुलेशन शाबूत ठेवायचं हं, ते सोलायचं नाही). त्यातली लाल वायर क्लॅम्पमध्ये धरली, ५ अँपिअर. रॉड चालू असताना बादलीला किंवा पाण्याला हात लावायचा नाही, हे घरातल्या पोरांना आधी सांगून ठेवा.

आता हिशोब. रेझिस्टन्स, म्हणजे शाळेत आपण ज्याला रोध म्हणायचो तो, व्होल्टेजला करंटनं भागलं की मिळतो. १७८ ÷ ५ = ३५.६ ओहम. ओहम हा जर्मन माणूस, त्यानं हा नियम १८२७ साली छापला आणि आजही आपण तोच वापरतो. पॉवर काढायला मात्र भागायचं नाही, गुणायचं, १७८ × ५ = ८९० वॅट.

१५०० चा रॉड आणि ८९० वॅट! मावशी म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" पण इथंच थांबलो असतो तर चांगला रॉड फेकून दिला असता. रॉडवर लिहिलेले १५०० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तरच खरे. मग रॉड नीट असता तर त्याचा रेझिस्टन्स किती असायला पाहिजे? व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. आपला आला ३५.६. म्हणजे रॉडला काहीच झालेलं नाही, व्होल्टेजच कमी आहे. रेझिस्टन्स वस्तूचा स्वतःचा असतो, वॅट मात्र व्होल्टेजप्रमाणं बदलतात, आणि ते पण वर्गाच्या हिशोबानं, म्हणून व्होल्टेज पाव भागानं कमी झालं तर पॉवर जवळजवळ निम्म्यावर येते.

१५ लिटरची बादली २० डिग्रीवरून ४५ वर न्यायला १५०० वॅटला साधारण १७-१८ मिनिटं लागतात, ८९० ला अर्धा तास. बिल मात्र दोन्हीकडं जवळपास सारखंच, पाऊण युनिटच्या पण आत, ०.४४ च्या आसपास, कारण युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. मावशीला हे ऐकून बरं वाटलं.

ते १८६ चे १७८ झाले ते ८ व्होल्ट कुठं गेले? वायरीत. ८ ÷ ५ = १.६ ओहम, एवढा रेझिस्टन्स खांबापासूनच्या लाईनीत आणि घरच्या वायरिंगमध्ये मिळून आहे, आणि ८ × ५ = ४० वॅट तिथंच गरम होऊन वाया चाललेत. बोर्डाचा प्लग हाताला चटका देत असेल तर हाच आकडा काढून बघा, ढिला स्क्रू बहुतेक वेळा असाच सापडतो. आमच्याकडं पण एक सापडला, मेन बंद करून आवळला.

बारीक वस्तूचा करंट मीटरवर मिलिअँपिअरमध्ये आला तर आधी हजारनं भागून अँपिअर करा मगच सूत्रात घाला, नाहीतर उत्तर हजारपट चुकतं.

आणि हे सगळं रॉड, इस्त्री, कॉईल असल्या तापणाऱ्या वस्तूंना. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागाची मोटर किंवा उसाच्या रानातली पाण्याची मोटर असेल तर नुसतं व्होल्टेज गुणिले करंट करून खरे वॅट येत नाहीत, त्याला पॉवर फॅक्टरनं (त्या गुणाकारातला किती भाग खरे वॅट, ते सांगणारा एकपेक्षा लहान आकडा) अजून गुणावं लागतं, थ्री फेजला वर १.७३ नं. शिवाय मोटर उलट वागते. व्होल्टेज पडलं की रॉड कमी करंट ओढतो, लोडवरची मोटर जास्त ओढते आणि तापते. म्हणून १७८ व्होल्टवर मावशीचा रॉड चालू द्या, पण विहिरीवरची मोटर बंद ठेवा.