टाक्यांच्या धाग्यांचं रसायनशास्त्र: एम.एस्सी. करून या कामात येणाऱ्यांसाठी

मी विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांची चाचणी करतो. या कामासाठी काय वाचून यावं, असं पॉलिमर शिकणारी मुलं विचारतात. मी म्हणतो, एस्टर बंध, म्हणजे या धाग्यांच्या रेणूसाखळ्यांतले दुवे, आणि पाणी यांचं नातं पक्कं करून या. मशीन चालवायला इथे शिकवतात.

जुना कॅटगट धागा जनावरांच्या आतड्यातल्या कोलॅजेनचा. तो शरीरातली एन्झाइम्स पचवतात, म्हणून जखमेत पू झाला की तो लवकर ढिला पडतो. 1970 च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा धागा आला. त्याच्या साखळ्यांमधले एस्टर बंध ऊतींमधलं पाणीच तोडतं, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो.

पण इथेच नवी मुलं अडखळतात. धाग्याची ताकद आधी जाते, धागा नंतर. व्हिक्रिल हा त्याच जातीचा धागा: 90 टक्के ग्लायकोलाइड (पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा कच्चा माल), 10 टक्के लॅक्टाइड. दोन आठवड्यांनी त्याची साधारण 75 टक्के ताकद शिल्लक असते, चार आठवड्यांनी 25. पूर्ण शोषला जायला मात्र 56 ते 70 दिवस लागतात. कारण पाणी आधी अस्फटिकी, म्हणजे साखळ्या विस्कळीत असलेल्या भागात शिरतं, आणि स्फटिकांना एकमेकांशी बांधणाऱ्या साखळ्या नेमक्या तिथेच असतात. 37 अंशांच्या बफरमधून (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणातून) चार आठवड्यांनी काढलेला धागा दिसायला अख्खा असतो, पण गाठ आवळतानाच तुटतो. हे एकदा स्वतःच्या बोटांनी करून बघाच. आलेखापेक्षा लवकर समजतं.

पाण्याची हीच सवय कारखान्यातही सांभाळावी लागते. ग्लायकोलाइडमध्ये ओल राहिली की साखळ्या आखूड बनतात. तयार धागा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकता येत नाही आणि गॅमा किरणांनी कमजोर होतो, म्हणून इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करून, नीट वाळवून फॉइलमध्ये बंद करतात.

सुरक्षेचं एक सांगतो. पॉलिग्लायकोलिक ॲसिड नेहमीच्या द्रावकांना दाद देत नाही, हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल लागतं. ते डोळ्यांना फार घातक आहे. फ्यूम हूड आणि गॉगलशिवाय बाटली उघडायची नाही, वरिष्ठ घाई करत असले तरी.

आणि जमेल तेव्हा एखाद्या सर्जनची परवानगी घेऊन पोटाचं ऑपरेशन बघा. आतल्या फॅसिआला (स्नायूंवरच्या मजबूत पडद्याला) पीडीएस हा ताकद जास्त दिवस टिकवणारा धागा आणि कातडीखाली लवकर ताकद सोडणारा मोनोक्रिल का, हे विचारा. फॅसिआ भरून यायला महिने लागतात. कातडीला एवढा वेळ लागत नाही, तिला मोनोक्रिलचे पहिले दोन आठवडे पुरतात.