पस्तिशीनंतर बीडीएस: इंदूरमधून प्रवेशाची तयारी कशी करावी

बँकेतील किंवा शाळेतील दहा-बारा वर्षांची नोकरी सोडून दंतवैद्य होण्याचा विचार बोलून दाखवला की घरातून पहिला प्रश्न येतो, "या वयात प्रवेश देतात का?" याचे उत्तर सरळ आहे. 2017 मध्ये नीट या वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेसाठी सर्वसाधारण प्रवर्गाला 25 आणि राखीव प्रवर्गांना 30 वर्षे अशी वयाची कमाल मर्यादा घातली गेली होती. ती 2022 मध्ये काढून टाकण्यात आली, आणि आज चाळिशीतला उमेदवारही ही परीक्षा देऊ शकतो. अडचण येते ती वयामुळे नव्हे, तर जुन्या कागदपत्रांमुळे आणि हिशेब न करता दिलेल्या राजीनाम्यामुळे.

म्हणून कोचिंगची चौकशी करण्यासाठी इंदूरच्या गीता भवन परिसराकडे जाण्याआधी बारावीची गुणपत्रिका बाहेर काढावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी या प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण असणे आवश्यक असून पहिल्या तीन विषयांत मिळून सर्वसाधारण प्रवर्गासाठी 50 टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी 40 टक्के गुण लागतात. पुढे मिळवलेली बी.कॉम. किंवा एम.बी.ए.ची पदवी ही उणीव भरून काढत नाही आणि कोणत्याही पदवीच्या बळावर बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मिळत नाही. ज्यांनी बारावीला जीवशास्त्राऐवजी गणित घेतले होते त्यांना मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय उत्तीर्ण होऊन पात्र ठरता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये हा मार्ग मोकळा केला. वाणिज्य शाखेच्या माणसाला मात्र विज्ञानाचे सगळेच विषय नव्याने द्यावे लागतात. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची बारावी सोयीची पडते, कारण तिथे वयाची वरची अट नाही आणि वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते. या कामाला एक वर्ष सहज जाते, हे आधीच धरून चालावे.

आता वर्षांचा हिशेब. बीडीएसचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यानंतरची आंतरवासिता (इंटर्नशिप) एका वर्षाची आहे. पस्तिसाव्या वर्षी तयारीला लागून पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला, तरी नोंदणीकृत दंतवैद्य होईपर्यंत एक्केचाळिसावे वर्ष उजाडते. एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करायची झाल्यास आणखी तीन वर्षे लागतात. तासिका आणि प्रात्यक्षिके दोन्हींना 75 टक्के उपस्थिती सक्तीची असल्याने नोकरी सांभाळून हे शिक्षण होत नाही, आणि घरखर्चाची पाच वर्षांची सोय हा अर्जाचाच भाग समजावा. शैक्षणिक कर्ज घेणार असल्यास एक बारकावा ध्यानात ठेवावा: जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण शिकणाऱ्याचे स्वतःचे उत्पन्नच थांबणार असेल तर कर्ज कमावत्या जोडीदाराच्या नावाने घेण्याचा विचार अधिक फायद्याचा ठरू शकतो.

राजीनामा देण्यापूर्वी आणखी एक परीक्षा स्वतःच घ्यावी, आणि माझ्या मते ती नीटइतकीच महत्त्वाची आहे. ओळखीच्या दंतवैद्याची परवानगी काढून आठ-दहा दिवस त्यांच्या दवाखान्यात नुसते बसावे. मान वाकवून तासन्‌तास काम करणे, चाळिशीत जवळचे अंधूक दिसू लागणे आणि हाताची स्थिरता या गोष्टी पुस्तकात कळत नाहीत. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दाताची हुबेहूब प्रतिकृती कोरावी लागते. विशीतल्या मुलामुलींच्या शेजारी बसून तीच दाढ चौथ्यांदा कोरण्याची चिकाटी आपल्यात आहे का, याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावे. एम. वाय. रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत चिकित्सा महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात स्वतःचे दात तपासून घेण्याच्या निमित्ताने एक सकाळ घालवली, तरी विद्यार्थ्यांचा दिवस कसा जातो याचा अंदाज येतो.

नीटची प्रश्नपत्रिका 180 प्रश्नांची, 720 गुणांची आणि तीन तासांची असते. त्यात जीवशास्त्राचे 90, तर भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी 45 प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. बऱ्याच वर्षांनी अभ्यासाला बसणाऱ्याने जीवशास्त्रापासून सुरुवात करावी, कारण निम्मे गुण तिथेच आहेत आणि वाचनाची सवय असलेल्या प्रौढाला तो विषय लवकर वश होतो. माळ्यावरची जुनी टिपणे मात्र रद्दीत द्यावीत. अभ्यासक्रम 2024 च्या परीक्षेपासून बदलला असून एनसीईआरटीची सध्याची पुस्तकेच प्रमाण मानावीत. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी हेही जाणून घ्यावे की मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. इंदूरच्या केंद्रावर हिंदी किंवा इंग्रजी निवडावी लागते आणि अनुवादाबाबत वाद झाल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जातो, त्यामुळे पारिभाषिक शब्द पहिल्यापासून इंग्रजीतूनच पाठ केलेले बरे.

अर्ज भरताना नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या आधारवर एक नाव आणि गुणपत्रिकेवर दुसरे असते. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद आधीच काढून ठेवावी. बारावीनंतरच्या वर्षांत काय केले हे सांगणारे शपथपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र आणि मध्य प्रदेशचे मूळ निवासी प्रमाणपत्र हे कागद समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, आठवड्यात धावपळ करून मिळत नाहीत. मूळ निवासी प्रमाणपत्रासाठी लोकसेवा केंद्रात अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी समग्र आयडी, म्हणजे राज्याचा रहिवासी ओळख क्रमांक, अद्ययावत हवा. नाशिक-पुण्याकडून लग्न होऊन इंदूरला आलेल्यांनी दोन्ही राज्यांत रहिवासी असल्याचा दावा करू नये. तो उघड झाल्यास मिळालेली जागाही जाऊ शकते.

शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या समुपदेशनातून भरल्या जातात. एमबीबीएस आणि बीडीएसची समुपदेशन प्रक्रिया एकत्रच चालते, आणि पुष्कळ विद्यार्थी बीडीएसला दुय्यम पर्याय म्हणून भरतात. ते पुढे एमबीबीएसकडे सरकले की नंतरच्या फेऱ्यांत दंतवैद्यकाच्या जागा मोकळ्या होतात. ज्यांना दंतवैद्यकच हवे आहे त्यांनी पसंतीक्रमात लोकलाजेस्तव एमबीबीएस वर ठेवण्याचे कारण नाही. केवळ नीट पात्र ठरलो म्हणून हुरळूनही जाऊ नये: सर्वसाधारण प्रवर्गाच्या पात्रतेची पन्नासाव्या पर्सेंटाइलची अट म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणे, पन्नास टक्के गुण नव्हेत, आणि जागा मिळते ती गुणानुक्रमावरच. अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारता येते, पण दुसऱ्या फेरीपासून ती न घेतल्यास अनामत रक्कम जप्त होते. जागा सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल हे सांगणारे बंधपत्र प्रवेशाच्या दिवशी सहीसाठी पुढे येऊ शकते. ते घरी आणून, आकड्यांसह शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवलत मिळणार नाही असे गृहीत धरून त्याचा नमुना आधीच मिळवून वाचावा.