मुलाखतीनंतर विचारणा करताना

खासगी नोकरीची मुलाखत झाल्यावर करायची विचारणा खरे तर मुलाखतीच्या खोलीतच सुरू होते. ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे शेवटी म्हटले जाते, तेव्हा निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल आणि त्याविषयी कोणाशी संपर्क साधावा, हे विचारून घ्यावे. संकोचापोटी अनेक उमेदवार हा प्रश्न विचारत नाहीत आणि मग घरी बसून आता फोन करावा की अजून थांबावे, या विचाराने हैराण होतात. तारीख हाती असली, तर ती उलटून गेल्यावर केलेली विचारणा कोणालाही आगाऊपणाची वाटत नाही.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आभाराचा छोटा ईमेल पाठवावा. मुलाखतीचे निमंत्रण ज्या ईमेलने आले असेल, त्यालाच उत्तर द्यावे, म्हणजे तुमचा अर्ज आणि आधीचा पत्रव्यवहार वाचणाऱ्याला एकत्र मिळतो. तीन-चार वाक्ये पुरेशी असतात. मात्र त्यांपैकी एक वाक्य त्या मुलाखतीतल्याच एखाद्या विषयाला धरून असावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट राहिले असेल किंवा एखादे प्रमाणपत्र दाखवायचे राहिले असेल, तर ते याच वेळी पाठवावे. भाषा संस्थेच्या व्यवहाराची असावी: पुण्या-मुंबईच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीला इंग्रजीत लिहावे, तर ज्या सहकारी बँकेने किंवा शिक्षण संस्थेने मुलाखतीचे पत्र मराठीत पाठवले, तिला मराठीतच लिहावे.

यानंतर बहुधा शांतता पसरते आणि तिचा अर्थ उमेदवार लगेच नकार असा लावतात. प्रत्यक्षात कारणे वेगळी असू शकतात. आपल्याकडे अनेक कंपन्यांत राजीनाम्यानंतरचा नोटीस पीरियड ६० किंवा ९० दिवसांचा असतो. पहिल्या पसंतीचा उमेदवार ऑफर स्वीकारूनही त्या काळात दुसरीकडे जाऊ शकतो, आणि हे ठाऊक असल्यामुळे मनुष्यबळ विभाग दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला होकारही देत नाही आणि नकारही कळवत नाही. शिवाय ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपत असल्याने त्या सुमारास पदाची मंजुरी अडकून राहते, आणि दिवाळीच्या सुट्टीत सही करणारे अधिकारीच जागेवर नसतात. म्हणून स्मरणपत्रात तक्रारीचा सूर मुळीच नको. काही आठवड्यांनी ती जागा पुन्हा रिकामी झाली, तर आपल्याशी सौजन्याने बोललेला उमेदवार त्यांना आधी आठवावा, एवढ्यासाठीही ही काळजी घ्यायला हवी.

दिलेली तारीख उलटल्यावर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. तारीख दिलीच नसेल, तर आठवडाभर थांबावे. विषयाच्या ओळीत पदाचे नाव, मुलाखतीची तारीख आणि स्वतःचे पूर्ण नाव असावे. मजकूर साधारण असा लिहिता येईल:

‘सादर नमस्कार. लेखापाल पदासाठी दि. १० जून रोजी आपल्या कार्यालयात माझी मुलाखत झाली होती. निवडीचा निर्णय महिनाअखेरपर्यंत कळवला जाईल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. ही प्रक्रिया सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे आपल्या सवडीनुसार कळवल्यास आभारी राहीन. या पदावर काम करण्याची माझी इच्छा कायम असून आणखी काही कागदपत्रे हवी असल्यास ती तत्काळ पाठवीन.’

‘मी रोज वाट पाहत आहे’ किंवा ‘मला या नोकरीची अत्यंत गरज आहे’ अशी वाक्ये, ती कितीही खरी असली तरी, लिहू नयेत. वाचणाऱ्यावर त्यांचे ओझे पडते आणि निर्णय त्याच्या एकट्याच्या हाती नसतो. दुसरे स्मरणपत्र आणखी आठ-दहा दिवसांनी पाठवावे. त्यालाही उत्तर आले नाही, तर तिथे थांबावे आणि इतर अर्जांकडे लक्ष द्यावे.

फोन करायचाच असेल, तर कार्यालयीन वेळेत करावा आणि नाव व पद सांगून ‘आपल्याला दोन मिनिटे सवड आहे का?’ असे आधी विचारावे. व्हॉट्सॲपवर त्यांनी स्वतः संपर्क साधला असेल, तरच तिथे लिहावे. निळ्या खुणा दिसल्या म्हणून लगेच दुसरा संदेश धाडू नये. अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल, तर विचारणाही तिच्यामार्फतच करावी. कॅम्पस मुलाखत असेल, तर महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांमार्फत.

आपल्याकडे ‘ओळखीतून जरा विचारून बघू’ म्हणत वडील किंवा मामा परस्पर संचालकांना फोन करतात. हेतू मायेचाच असतो, पण समोर त्याचा अर्थ वशिला असा होतो आणि स्वतःच्या गुणांवर तिथवर पोहोचलेल्या मुलाची किंवा मुलीची बाजू त्यामुळे कमकुवत होते. घरच्यांना हे आधीच समजावून सांगावे.

मध्यंतरी दुसऱ्या कंपनीची ऑफर हाती आली, तर ते मोकळेपणाने कळवावे: ‘मला अन्यत्र ऑफर मिळाली असून शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे, माझे प्राधान्य आपल्या संस्थेला असल्याने त्यापूर्वी आपला निर्णय कळू शकेल का?’ नसलेल्या ऑफरचा धाक मात्र कधीही दाखवू नये, कारण पत्र दाखवा असे म्हटले गेले तर सगळाच विश्वास जातो.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगासारख्या संस्थेच्या मुलाखतीला यातले काहीच लागू होत नाही. तिथे आभाराचे पत्रसुद्धा पाठवू नये. निकाल संकेतस्थळावर जाहीर होतो, आणि उमेदवारीसाठी कोणत्याही मार्गाने पाठबळ मिळवण्याचा प्रयत्न अपात्रतेचे कारण ठरू शकतो.

खासगी संस्थेकडून नकार आला, तर त्यालाही दोन ओळींचे उत्तर द्यावे. वेळ दिल्याबद्दल आभार मानावेत, पुढे योग्य जागा निघाल्यास विचार व्हावा, अशी विनंती करावी आणि शक्य असल्यास कोणत्या बाबतीत तयारी कमी पडली, हे विचारावे. उत्तर मिळाले, तर त्यावर वाद घालू नये. ते नोंदवून ठेवावे आणि पुढच्या मुलाखतीच्या तयारीची सुरुवात त्याच मुद्द्यापासून करावी.