गल्लीतल्या बुजऱ्या मांजरीशी मैत्री करताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागांचा खडखडाट पहाटेपासून रात्रीपर्यंत कानावर असतो, तिथल्या आमच्या गल्लीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे करड्या पट्ट्यांची एक भाटी, म्हणजे मादी मांजर, राहते. गेली चार वर्षे मी तिला रोज संध्याकाळी सात वाजता खायला घालते आहे आणि आजवर तिच्या अंगाला एकदाही हात लावलेला नाही. तरीही ती आणि मी एकमेकींना चांगले ओळखतो, आणि तिची प्रकृती आज गल्लीतल्या कोणत्याही पाळीव मांजरीइतकी उत्तम आहे. हे साधायला मला वेळ लागला, कारण सुरुवातीला मी बहुतेक सगळ्या चुका केल्या होत्या.

पहिली चूक ओळखण्यातच होते. रस्त्यावर दिसणारी प्रत्येक मांजर रानटी नसते. घरातून हरवलेली किंवा कोणी सोडून दिलेली मांजर काही दिवस घाबरलेली असते, पण शेपूट उभी करून, आवाज देत ती हळूहळू जवळ येऊ लागते. माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेली मांजर मात्र डोळ्याला डोळा देत नाही, अंग जमिनीला चिकटवून भिंतीच्या कडेने जाते आणि सहसा ओरडत नाही. मांजरीच्या पिल्लांना माणसांची सवय लागण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. तो काळ उलटून गेल्यावर मोठी झालेली मांजर पूर्णपणे माणसाळेलच असे नाही, आणि तिने तसे व्हावेच असा हट्ट धरणेही योग्य नाही. डाव्या कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर तिची नसबंदी झालेली आहे असे समजावे.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाई. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्यापासून चार हातांवर बसून जेवू लागली, तेव्हा मला वाटले की आता जमले, आणि मी हात पुढे केला. कान मागे पाडून ती एकदा फिस्कारली, कारखान्याच्या पत्र्याखाली नाहीशी झाली आणि पुढचे अकरा दिवस दिसली नाही. त्यानंतर मी पद्धत बदलली. भांडे ठेवायचे, चार-पाच पावले मागे येऊन पायरीवर अंग चोरून बसायचे आणि तिच्याकडे टक लावून पाहायचे नाही, कारण रोखलेली नजर मांजरीला धमकीसारखी वाटते. नजरानजर झालीच, तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघडावेत. दीड-दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तिने जेवण अर्धे सोडून मान वर केली, माझ्याकडे पाहून तसेच सावकाश डोळे मिटले आणि पुन्हा भांड्यात तोंड घातले. अंतर किती ठेवायचे हे तिने ठरवावे आणि आपण ते पाळावे, यापलीकडे मैत्रीची दुसरी युक्ती मला सापडलेली नाही.

खाण्याच्या बाबतीत आपल्या समजुतीच आडव्या येतात. मांजर डोळे मिटून दूध पिते हे खरे, पण पुष्कळशा मोठ्या मांजरींना दुधातील साखर पचत नाही आणि हगवण लागते. पोळीचे किंवा भाकरीचे तुकडे रश्शात कुस्करून घालणे त्याहून वाईट, कारण आपल्या कालवणात कांदा आणि लसूण असतोच, आणि हे दोन्ही पदार्थ मांजरीच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. मीठ-मसाला न घालता उकडलेले, हाडे काढलेले कोंबडीचे मांस, उकडलेले अंडे किंवा मांजरांसाठीचे तयार खाद्य द्यावे. वेळ आणि जागा रोज एकच असावी, आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलून भांडे धुवावे, म्हणजे मुंग्या लागत नाहीत आणि कुत्रीही जमत नाहीत.

पाण्याकडे मात्र अनेक चांगली माणसेही दुर्लक्ष करतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. अशा वेळी सावलीत ठेवलेली मातीची पसरट परळ खाण्याइतकीच मोलाची असते. ती खाण्याच्या भांड्यापासून थोडी दूर ठेवावी आणि पाणी रोज बदलावे. दुपारी एखादी मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकताना दिसली, तर तो उष्माघात समजावा. तिला सावलीत घेऊन अंग साध्या पाण्याने ओले करावे, बर्फाचे पाणी वापरू नये आणि लगेच पशुवैद्यांकडे न्यावे.

पिल्ले दिसताच उचलून आणणे हीदेखील दयेपोटी होणारी चूक आहे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतोच. ती जागा बदलत असते किंवा भक्ष्यासाठी काही तास दूर गेलेली असते. पिल्ले गरम असतील आणि शांत झोपलेली असतील, तर दुरून वाट पाहावी. ती गार पडली असतील किंवा सतत केकाटत असतील, तरच मध्ये पडावे आणि दूध पाजण्याआधी त्यांना ऊब द्यावी, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

नुसते खाऊ घालून नसबंदी टाळणे म्हणजे पुढच्या वर्षीचे हाल आपल्या हाताने वाढवणे होय. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तिला पोत्यात कोंबणे किंवा हाताने पकडणे धोक्याचे आहे. त्यासाठी आपोआप दार पडणारा पिंजराच हवा. आम्ही आठवडाभर दार बांधून ठेवून तिला पिंजऱ्यातच जेवू घातले, आदल्या रात्री उपाशी ठेवले आणि सकाळी दार मोकळे केले. दार पडताच ती जाळीवर धडका देऊ लागली. त्या क्षणी वर जाड सोलापुरी चादर टाकली आणि अंधार होताच ती निपचित बसली. शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण शुद्धीवर येऊन टाके सुकू लागेपर्यंत डॉक्टर सांगतील तितके दिवस तिला बंदिस्त ठेवावे आणि मग जिथून पकडली तिथेच सोडावे.

औषधांत तर अंदाज चालतच नाही. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरीला विषारी आहे. मला एका दुकानात असेच औषध मांजरीलाही चालेल म्हणून देऊ केले होते. जखमेवर किंवा तिच्या वावरण्याच्या जागेवर फिनेल ओतू नये, कारण अंग चाटताना ते तिच्या पोटात जाते.

शेजाऱ्यांशी वाद घालणे टाळावे. आमच्या शेजारच्या काकूंची तक्रार कुंड्यांतल्या घाणीची होती आणि ती रास्त होती. कारखान्याच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकून तो रोज साफ करू लागल्यावर आणि कुंड्यांच्या मातीवर खडे पसरल्यावर ती मिटली. मांजर दूर नेऊन सोडा असे कोणी म्हणाले, तर शांतपणे सांगावे की ती परक्या जागी उपासमारीने मरू शकते, आणि प्राण्याला तहानभुकेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

रोज येणारी मांजर अचानक दिसेनाशी झाली, तरी खाणे ठेवणे थांबवू नये. जानेवारीत गड्डा यात्रेतील शोभेच्या दारूकामानंतर आमची भाटी तीन दिवस आली नव्हती. अशा वेळी बंद गोदामे, जिने आणि गाड्यांखालच्या जागा पाहाव्यात, आणि थंडीत गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारावी.

मांजर चावली किंवा तिने ओरबाडले, तर हळद किंवा चुना लावत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजरीचे दात अणकुचीदार असल्याने जंतू खोल जातात, आणि वरून भोक इवलेसे दिसले तरी आत पू होतो. रेबीज मांजरीमुळेही होतो. ती पाळलेली नाही हे डॉक्टरांना सांगावे आणि लसीचे सगळे डोस दिलेल्या तारखांनाच घ्यावेत, मधल्या काळात जखम भरून आली तरीही.