ताठरतेची गोळी: या चुका टाळा

लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीवर १९९८ साली सिल्डेनाफिल उपलब्ध झाले आणि पाठोपाठ टाडालाफिल आले. योग्य रुग्णाने योग्य रीतीने घेतली, तर ही औषधे बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. अडचण बहुतेक वेळा गोळीपेक्षा ती लपवून घेण्यात असते, कारण लपवणाऱ्याला ना आधीची औषधे तपासून घेता येतात, ना बिघडल्यावर नेमके सांगता येते.

सर्वांत जिवावर बेतणारी चूक म्हणजे हृदयविकारासाठी नायट्रेट घेत असताना ही गोळी घेणे. जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी, फवारा किंवा आयसोसॉर्बाइड यांपैकी काहीही चालू असेल, तर दोन्ही औषधे मिळून रक्तवाहिन्या इतक्या सैलावतात की रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: गोळी घेतल्यानंतर छातीत दुखू लागले, तर कोणती गोळी किती वाजता घेतली हे रुग्णालयात पोहोचताच सांगावे, कारण सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळावे लागते. पत्नीसमोर किंवा मुलांसमोर हे बोलायचे कसे, हा संकोच समजण्यासारखा आहे. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असल्यास तेही आधी कळवावे. अशा वेळी डॉक्टर सहसा कमी मात्रेपासून सुरुवात करतात, अन्यथा उठून उभे राहताना भोवळ येऊ शकते.

‘गोळी लागूच पडली नाही’ ही तक्रार पुष्कळदा वापरण्याच्या पद्धतीतून उद्भवते. सिल्डेनाफिल संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यायचे असते, आणि भरपेट तेलकट-तुपकट जेवणानंतर घेतल्यास त्याचा परिणाम उशिरा व कमी जाणवतो. टाडालाफिलवर जेवणाचा असा परिणाम होत नाही आणि त्याचा प्रभाव ३६ तासांपर्यंत टिकू शकतो. शिवाय ही औषधे कामेच्छा निर्माण करत नाहीत. मनात उत्तेजना असेल, तरच लिंगाकडे रक्ताचा ओघ वाढण्यास त्यांची मदत होते. गोळी घेऊन घड्याळाकडे पाहत बसणाऱ्याच्या हाती निराशाच येते. मद्याचे प्रमाण वाढले की ताठरताही मंदावते आणि रक्तदाबही अधिक उतरतो. एकदोनदा अपयश आले म्हणून औषध निरुपयोगी ठरवू नये. वेळ व जेवण सांभाळून, वेगवेगळ्या दिवशी काही वेळा प्रयत्न करून मगच डॉक्टरांशी मात्रेविषयी बोलावे. परिणाम दिसत नाही म्हणून त्याच रात्री दुसरी गोळी घेणे ही मात्र सरळ चूक आहे. यांपैकी कोणतीही गोळी २४ तासांत एकदाच.

‘शंभर टक्के वनौषधी’ असा दावा करणाऱ्या, झटपट गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये लेबलवर न लिहिलेले सिल्डेनाफिल अनेकदा सापडले आहे. ज्याला नायट्रेटमुळे ही गोळी वर्ज्य आहे, तोच ‘नैसर्गिक’ पर्याय म्हणून अशी पुडी उचलतो, हे यातले खरे दुर्दैव.

गोळीने काम भागले म्हणून तपासणी टाळणेही महागात पडते. लिंगातील धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने अडथळ्याची खूण तेथे आधी दिसू शकते, म्हणून रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा पाहून घ्यावे. गर्भधारणा किंवा लैंगिक संसर्ग यांपासून ही गोळी कोणतेही संरक्षण देत नाही. निरोधाची गरज तशीच राहते.

डोके दुखणे, चेहरा तापल्यासारखा होणे, नाक चोंदणे हे त्रास सहसा काही तासांत ओसरतात. ताठरता चार तासांहून अधिक टिकली, एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले किंवा ऐकू येणे एकाएकी कमी झाले, तर सकाळची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे आणि गोळीचे पाकीट सोबत न्यावे.