ऊसतोडीच्या गावात लोकसहभागी आरोग्य-संशोधन : संमती, गुप्तता आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय

आधी कॅलेंडर बघा. बीड, धाराशिव, जालना, परभणीतल्या ऊसतोड गावांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. डिसेंबरात तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीत, बैठक घेतली तर समोर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. ज्या बायकांच्या आरोग्याचा अभ्यास आहे त्या तेव्हा कुठल्या तरी फडात असतात, आणि अहवालात मात्र ‘गावाचा सहभाग’ लिहिला जातो. विषय ठरवायच्या बैठका एप्रिल-मेमध्ये घ्या. मुलाखती जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उरका, कारण पुढे सोयाबीनची काढणी लागते आणि मग कुणालाच वेळ नसतो. निष्कर्ष सांगायला पुढच्या एप्रिलात परत या.

संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे अर्ज दोन टप्प्यांत करा. समितीला छापील प्रश्नावली हवी असते. पण प्रश्न गावासोबत ठरवायचे म्हटल्यावर ते आधीच छापून कसे आणणार? बरेच जण इथे पळवाट काढतात: प्रश्नावली शहरातच पक्की करायची, मंजुरी घ्यायची आणि गावात नुसती ‘चर्चा’ घडवायची. सरळ मार्ग असा की पहिल्या अर्जात फक्त बैठका, गटचर्चा आणि विषय-निवडीची मंजुरी मागायची, आणि गावाने प्रश्न ठरवल्यावर दुसरा अर्ज करायचा. मधेच एखादा प्रश्न वाढला तर दुरुस्तीची मंजुरी येईपर्यंत तो विचारायचा नाही. यात दोन-तीन महिने जातात. ते वेळापत्रकात आधीच धरा.

परवानगी म्हणजे संमती नव्हे

सरपंच, ग्रामसेवक, तांड्याचा नाईक यांना भेटावंच लागतं. पण त्यांचा होकार फक्त गावात पाऊल टाकण्यापुरता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे स्पष्ट आहे: समाजाची किंवा प्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. ग्रामसभेत विषय मांडाच, पण त्याआधी होणाऱ्या महिला सभेत जास्त वेळ द्या. बायका बोलल्या तर तिथेच बोलतील.

मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, माणसं गोळा करणं सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि तिच्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, असते. त्याने ‘जा, माहिती दे’ म्हटलं की नाही म्हणायला जागाच उरत नाही. आशाताईंचंही थोडं तसंच आहे. त्यांचा गावात विश्वास असतो, पण त्यांनी आणलेल्या बाईला हे सरकारी काम वाटतं. त्यामुळे यादी आशाताईंकडून घ्या आणि विचारायला दुसरं कुणी पाठवा.

संमतीपत्र मोठ्याने वाचल्यावर तीन-चार मिनिटांत संपलं पाहिजे. ‘गर्भाशय-निर्मूलन शस्त्रक्रिया’ लिहू नका, ‘पिशवी काढली’ लिहा. ‘श्वेतप्रदर’ नको, ‘अंगावरून पांढरं जातं’ पुरे. एक वाक्य मात्र चुकवू नका: ‘यातून घरकुल, रेशन, अनुदान काही मिळणार नाही आणि नाही म्हटलं तरी काही बंद होणार नाही.’ हे वाक्य गाळलं की लोक लाभार्थी यादीत नाव लागेल या आशेने उत्तरं देतात. वाचून झाल्यावर तिलाच विचारा: हे कशासाठी आहे? मधेच थांबता येईल का? ती अडखळली तर अंगठा घेऊ नका, पुन्हा समजवा. अंगठ्याला साक्षीदार साक्षर आणि त्रयस्थ हवा. मुकादम, नवरा, प्रकल्पाचं मानधन घेणारी कार्यकर्ती, यांतलं कुणीही चालत नाही. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांशी गोरमाटी या बंजारा बोलीत बोलावं लागतं, आणि तेव्हा दुभाष्या त्याच घरातला नको.

ओसरीवर गुपित राहत नाही

मुलाखत सुरू झाली की सासू येऊन बसते, पोरं दारात उभी राहतात. सासूला ‘बाहेर जा’ म्हणू नका, त्याचा त्रास नंतर सुनेला होतो. पाणी, पिकं, शाळा असे चार-पाच साधे प्रश्न तयार ठेवा, कुणी आलं की त्यांवर या. जोडीने जा: एकीने सासूची वेगळी, साधी मुलाखत घ्यायची. घरातल्या हिंसेचा विषय असेल तर एका घरातून एकाच बाईला विचारा आणि गावात अभ्यासाचं नाव ‘बायकांचं आरोग्य’ एवढंच सांगा. खरा विषय तिला एकटीला, संमतीच्या वेळी.

गावातल्याच मुलींना संशोधक म्हणून शिकवणं चांगलं, पण तिने स्वतःच्या भावकीत आणि गल्लीत मुलाखती घेऊ नयेत. तिला शेजारच्या गावी पाठवा. आणि मजुरी द्या, निदान त्या आठवड्याच्या शेतमजुरीइतकी. ‘सहभाग’ म्हणून फुकट राबवणं हे शोषणच, फक्त शब्द गोड.

नावांची यादी आणि उत्तरं वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाकडे ठेवा. आधार क्रमांक घेऊच नका. फोटो आणि ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असंही नाही. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘दोनदा ऑपरेशन झालेली अंगणवाडी सेविका’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. तक्त्यात पाचपेक्षा कमी आकडा आला तर रकाने एकत्र करा.

गुप्ततेचं वचन देताना मर्यादाही सांगा. अल्पवयीन मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. स्थलांतराच्या घरांत बालविवाह होतात आणि सोळा-सतरा वर्षांची गरोदर मुलगी समोर येते. लग्न झालेलं असलं तरी कायदा तोच. काय करायचं, कुणाला फोन करायचा, मुलीसोबत कोण जाणार, हे पहिल्या मुलाखतीआधी समितीसमोर लिहून ठरवा. त्या दिवशी अंगणात उभं राहून ठरवलेलं नेहमी चुकतं.

रक्त तपासणार असाल तर उपचाराची वाट आधी बांधा. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली आलं तर त्याच दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात पोचवायचं. त्याच्या गाडीभाड्याची सोय अंदाजपत्रकात हवी. आकडा लिहून घेऊन निघून जाणं हा गुन्हा नसेल, पण गावाला दुसरं काही वाटत नाही.

निष्कर्ष कुणाचे

काम सुरू होण्याआधीच मराठीत एक पानाचा करार करा: माहिती कुणाकडे राहील, लेखावर कुणाची नावं येतील, काम थांबवायचा अधिकार कुणाला, छापण्याआधी गाव किती दिवसांत मत देईल. तीस दिवस पुरतात.

अहवाल आधी पारावर, मग जर्नलमध्ये. गावाला निष्कर्ष पटला नाही तर आकडे बदलायचे नाहीत, पण त्यांचं म्हणणं त्याच पानावर छापायचं. बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशवी काढण्याचा विषय २०१९मध्ये देशभर गाजला, राज्याने समितीही नेमली. मजुरी, खाडा (कामावर न गेल्याचा दंड) आणि खासगी दवाखाने हे मूळ प्रश्न, पण बातम्यांत बायकांच्या शरीराचीच चर्चा जास्त झाली. तुमच्या अहवालात जात, तांडा, गाव यांची नावं कुठे येतात ते बायकांच्या गटासमोर वाचून दाखवा आणि त्या सांगतील तिथली काढा. नंतर पत्रकार गावाचं नाव विचारतो, तेव्हा उत्तर कोण देणार तेही त्याच बैठकीत ठरवून घ्या.