बेटकास्टिंग रीलने फेकताना तंगूस गुंतू नये म्हणून

स्पिनिंग रीलवर हात बसलेला माणूस मासेमारीची बेटकास्टिंग रील, म्हणजे बेटकास्टर, पहिल्यांदा हातात घेतो, नेहमीच्या जोरात फेकतो आणि दुसऱ्या क्षणाला स्पूलवर (दोरा गुंडाळायच्या फिरकीवर) तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोऱ्याचा, गोळा झालेला असतो. मग रील वाईट, तंगूस वाईट, दुकानदाराने फसवलं अशी चर्चा सुरू होते. रीलमध्ये दोष असण्याची शक्यता फार कमी. गुंता का होतो हे एकदा नीट कळलं की तो टाळता येतो, आणि हा सगळा हाताच्या सवयीचा भाग आहे.

स्पिनिंग रीलचा स्पूल फेकताना जागेवर थांबलेला असतो, तंगूस त्याच्या कडेवरून नुसता सुटत जातो. बेटकास्टरमध्ये अख्खा स्पूल फिरतो. ल्युअर, म्हणजे तंगुसाला बांधलेलं नकली आमिष, तंगूस ओढतं, तंगूस स्पूलला फिरवतो. ल्युअर जितक्या वेगाने पुढे जातंय तितक्याच वेगाने स्पूल फिरला तर सगळं सुरळीत. पण हवेमुळे ल्युअरचा वेग कमी होत जातो आणि स्पूल मात्र मिळालेल्या गतीने फिरतच राहतो. बाहेर पडायला वाव नसलेला तंगूस स्पूलवरच सैल होतो, त्याचे फास उचलले जातात आणि पुढचे वेढे त्या फासांत अडकतात. पेच कापल्यावर मांजाचा ताण जातो आणि फिरकी मात्र फिरत राहते, तसाच हा प्रकार.

म्हणून सुधारणा करायची तर आधी एकच गोष्ट बघायची: गुंता फेकीच्या कोणत्या टप्प्यावर झाला. सुरुवातीला, मध्ये की ल्युअर पाण्यावर पडताना? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

स्पूल कसा भरायचा

अर्धी लढाई इथे जिंकता येते. शिकताना नायलॉनचा तंगूसच घ्या, ०.३५ मिमीच्या आसपासचा. त्याला थोडा कडकपणा असतो, त्यामुळे फास पडले तरी सोडवता येतात. ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा, मऊ असते, गुंता झाला की एकमेकांत रुतून बसते. अगदी बारीक, १० पौंडाची ब्रेडेड लाइन नवख्याने बेटकास्टरवर घालूच नये. घालायचीच तर ३० ते ४० पौंडाची घाला आणि तिच्याखाली आधी आठ-दहा मीटर नायलॉन गुंडाळा. ब्रेडेड लाइन थेट धातूच्या स्पूलवर बांधली तर मोठा मासा लागल्यावर सगळा गोळाच स्पूलवर गरगर फिरतो, आणि ड्रॅग (मासा ओढताना लाइन किती जोराने सुटेल ते ठरवणारी रीलची पकड) कितीही आवळला तरी लाइन बाहेर जातच राहते.

भरताना तंगूस ओल्या फडक्यात धरा आणि दोन बोटांनी दाबून ताण ठेवा. सैल भरलेला स्पूल पहिल्याच फेकीला दगा देतो. स्पूलच्या कडेपासून २ ते ३ मिमी जागा मोकळी सोडा. कडेपर्यंत ठासून भरला तर वरचे वेढे आपोआप ढिले पडतात. अर्धाच भरला तर तेवढ्याच अंतरासाठी स्पूलला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि फेकही तोकडी पडते.

वजन

बेटकास्टर हलक्या वजनासाठी नाही. शिकताना १४ ते २० ग्रॅमचं वजन बांधा. ५ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं ल्युअर) साध्या बेटकास्टरवर फेकायला गेलात तर स्पूल फिरवण्याइतकी ओढच मिळत नाही. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की गुंता ठरलेला. रॉडवर किती वजन चालेल ते छापलेलं असतं. औंसात असेल तर १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम धरा. रॉडच्या मर्यादेच्या मधलं वजन सगळ्यात सोपं जातं, कारण रॉड नीट वाकतो आणि फेकायचं काम तोच करतो.

नॉब आणि ब्रेक

हँडलच्या बाजूला, स्टार ड्रॅगच्या (ड्रॅग आवळायच्या चांदणीच्या आकाराच्या चाकाच्या) शेजारी जो छोटा गोल नॉब असतो तो स्पूल टेन्शनचा. तो स्पूलच्या दांड्यावर बाजूने दाब देतो. ल्युअर बांधा, रॉड समोर आडवा धरा, ल्युअर टोकापासून २० सेंटिमीटरवर लटकू द्या आणि थंब बार (स्पूल मोकळा सोडणारी पट्टी) दाबा. ल्युअर हळूहळू खाली यायला हवं आणि जमिनीला टेकताच स्पूल एका वेढ्याच्या आत थांबायला हवा. दणकन आपटलं आणि स्पूल फिरत राहिला तर नॉब थोडा आवळा. ल्युअर हललंच नाही तर थोडा सैल करा. प्रत्येक वेळी ल्युअर बदललं की ही तपासणी पुन्हा करायची. १० ग्रॅमचा फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं ल्युअर) काढून २० ग्रॅमचं क्रँकबेट (माशाच्या आकाराचं ल्युअर) लावलं आणि नॉबला हात लावला नाही, हे गुंत्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

हात बसल्यावर मात्र हा नॉब फक्त स्पूल डावी-उजवीकडे खटखट हलणार नाही इतपत ठेवतात आणि बाकीचं काम ब्रेकवर सोडतात. नॉब घट्ट ठेवूनच फेकत राहिलात तर अंतर कधीच वाढणार नाही.

ब्रेक दुसऱ्या बाजूला, साइड प्लेटवर, म्हणजे रीलच्या बाजूच्या झाकणावर. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या रीलवर मॅग्नेटिक ब्रेक असतो, वर ० ते १० आकड्यांची चकती. सुरुवात ७ किंवा ८ वर करा. सेंट्रिफ्यूगल ब्रेक असेल तर साइड प्लेट उघडावी लागते. आत स्पूलला प्लॅस्टिकचे छोटे तुकडे असतात, बाहेर ढकलला तो तुकडा चालू. सहा तुकडे असतील तर चार चालू ठेवा, आणि समोरासमोरच्या जोड्या चालू करा, म्हणजे स्पूलचा तोल बिघडत नाही. हे तुकडे ज्या कड्याला घासतात तिथे तेल सांडू देऊ नका, ब्रेक धरेनासा होतो.

दोघांचा स्वभाव वेगळा आहे. सेंट्रिफ्यूगल ब्रेक स्पूल सगळ्यात जोरात फिरत असताना, म्हणजे फेकीच्या सुरुवातीला, सगळ्यात जास्त धरतो आणि वेग उतरला की जवळजवळ सोडून देतो. मॅग्नेटिक ब्रेक शेवटपर्यंत थोडा थोडा धरून राहतो. त्यामुळे सेंट्रिफ्यूगल रीलवर शेवटच्या टप्प्यात अंगठ्याला जास्त जागं राहावं लागतं. ब्रेक कमी करायचा तर एका वेळी एकच अंक कमी करा आणि त्यावर दहा-बारा फेकी सलग गुंता न होता गेल्याशिवाय पुढे सरकू नका.

अंगठा

नॉब आणि ब्रेक हे मदतनीस आहेत. खरा ब्रेक अंगठा. अंगठ्याचा पुढचा मांसल भाग स्पूलवर थोडा तिरका ठेवा, अर्धा तंगुसावर आणि अर्धा स्पूलच्या कडेवर. कडेवरच्या भागामुळे पकड नेमकी कळते. थंब बार दाबल्यानंतर अंगठा स्पूल सोडत नाही. फेकताना रॉड पुढे आला की अंगठ्याचा दाब हलका करायचा, अगदी उचलून घ्यायचा नाही. तंगूस अंगठ्याखालून सरसर जात असताना तो मऊ, फुगलेला लागायला लागला की समजायचं, फास उचलायला लागले आहेत. त्या क्षणी किंचित दाबा. जोरात दाबलात तर ल्युअर हवेतच झटका खाऊन मागे येतं.

आणि ल्युअर पाण्याला लागण्याच्या आधी क्षणभर स्पूल पूर्ण थांबवायचा. बरेच गुंते इथेच होतात. ल्युअर पाण्यावर थांबलं, तंगुसाची ओढ संपली आणि स्पूल मात्र फिरतोय. म्हणून नजर ल्युअरवर ठेवा, रीलवर नाही.

फेक

उजव्या हाताने फेकत असाल तर फेकताना मनगट असं वळवा की हँडल वर, आभाळाकडे येईल. या स्थितीत मनगट मोकळं फिरतं. ल्युअर टोकापासून १५ ते २० सेंटिमीटर खाली लटकलेलं ठेवा. टोकाला चिकटवून ठेवलं तर रॉड वाकतच नाही. मागे नेताना रॉडला ल्युअरचं वजन जाणवू द्या आणि तिथून एकसलग पुढे आणा, वेग वाढवत. झटका मारला की स्पूल पहिल्याच क्षणाला ल्युअरच्या पुढे पळतो. ल्युअर पाच-सहा मीटरवर पडतं आणि गुंता खोलवर बसतो. हा सुरुवातीचा गुंता. त्यावर ब्रेक वाढवून तात्पुरता आराम मिळेल, पण हात मऊ करणं हाच खरा उपाय. रॉड घड्याळातल्या दहाच्या आकड्याच्या जागी आला की सोडा. उशिरा सोडलं तर ल्युअर समोरच पाण्यात आदळतं.

पंचगंगेच्या काठावर बऱ्याच ठिकाणी मागे उभा ऊस किंवा बाभळी असतात, डोक्यावरून फेकायला जागाच नसते. तिथे बाजूने, कमरेच्या उंचीवरून फेकावं लागतं. बाजूच्या फेकीत ल्युअर खालून सपाट जातं आणि पाण्याला लवकर लागतं, त्यामुळे अंगठाही लवकर दाबायला हवा. एक गोष्ट आधी बघा: नदीकाठी शेतीपंपांच्या विजेच्या तारा खूप खालून जातात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. तारेखाली उभं राहून फेकायचं नाही, मासा कितीही मोठा दिसत असला तरी.

वारा

वारा समोरून असेल तर ल्युअर लवकर थांबतं आणि मधल्या टप्प्यात गुंता होतो. काळम्मावाडीसारख्या धरणाच्या उघड्या पाण्यावर हे हमखास जाणवतं. ब्रेक दोन अंकांनी वाढवा, जड आणि आटोपशीर ल्युअर लावा, फेक उंच न करता सपाट ठेवा. जागा बदलून वारा पाठीवर किंवा खांद्यावर घेता आला तर सगळ्यात उत्तम.

जलपर्णी आणि मरळ

मरळीसाठी जलपर्णीवरून फ्रॉग चालवणाऱ्यांचा गुंता थोडा निराळा असतो, कारण तो आधीच्या फेकीत तयार होतो. फ्रॉग नाचवताना रॉडचं टोक झटकतो, तंगूस ढिला पडतो आणि तो ढिलाच स्पूलवर गुंडाळला जातो. पुढच्या फेकीत हे सैल वेढे एकदम सुटतात. त्यासाठी गुंडाळताना रीलच्या पुढे अंगठा आणि तर्जनी यांच्यात लाइन हलकी धरून ठेवा. फेकण्याआधी अंगठ्याने स्पूल दाबून बघा, मऊ लागला तर पाच-सहा मीटर लाइन काढून ताणात पुन्हा गुंडाळा.

दुसरा त्रास अडकलेला फ्रॉग ओढण्याचा. जलपर्णीच्या मुळात रुतलेला फ्रॉग रीलने ओढला की ब्रेडेड लाइन खालच्या वेढ्यांत घुसते. पुढच्या फेकीला ती तिथे अडकते, ल्युअर मध्येच थबकतं किंवा लाइन तुटून फ्रॉग एकटाच उडून जातो. ओढायचं तर लाइन एखाद्या काठीला गुंडाळून ओढा, नुसत्या हाताला गुंडाळली तर कातडी कापते. नंतर एका फेकीइतकी लाइन काढून पुन्हा घट्ट भरा.

सराव

पाण्यावर जाण्याआधी मैदानावर शिका. सकाळी रिकाम्या मैदानाचा एक कोपरा पुरे. गळ काढून टाकलेलं ल्युअर किंवा १५-२० ग्रॅमचा लोखंडी नट बांधा. २० मीटरवर टॉवेल पसरा आणि अंतराच्या मागे न लागता तो टॉवेल गाठायचा प्रयत्न करा. गुंता खोल जाऊ नये म्हणून एक सोय करता येते: २५ मीटर तंगूस बाहेर काढा, आणखी पाच मीटर सोडा, तिथे स्पूलवर इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवा आणि वरून तंगूस गुंडाळा. कितीही मोठा गुंता झाला तरी टेपखाली जाणार नाही. मोठा मासा धरायला जाताना टेप काढायला विसरू नका.

तरीही गुंतला तर

ओढू नका. ओढलं की फास आवळतो आणि सुटण्यासारखा गुंता कापण्यासारखा होतो. ड्रॅग पूर्ण आवळा, अंगठ्याने स्पूलवरचा गुंता घट्ट दाबून धरा आणि हँडल दोन-तीन वेढे फिरवा. फास बरेचसे सपाट होतात. मग थंब बार दाबून तंगूस हळू बाहेर काढत राहा. अडेल तिथे आडव्या गेलेल्या फासाला नखाने उचला, त्याच्याखालून सैल तंगूस ओढून घ्या, पुन्हा बाहेर काढा. दोन-तीन वेळा असं केलं की साधा गुंता सुटतो. गळाच्या टोकाने किंवा सुईने टोकरू नका, तंगुसाला चरे पडतात.

सुटल्यावर गुंत्याच्या जागेच्या पुढेपर्यंत तंगूस बाहेर काढून बोटांमधून फिरवा. पांढरी घडी किंवा खरखर लागली तर तिथून कापा. तो तुकडा मासा लागल्यावर नेमका तुटतो. कापलेला तंगूस काठावर टाकू नका. तो कुजत नाही आणि बगळ्यांच्या पायांत, चरायला आलेल्या जनावरांच्या खुरांत गुंडाळला जातो. खिशात किंवा डब्यात घालून घरी आणा.

तलाव आणि धरणांवरचा मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारून जा. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. नदीच्या गाळातून आल्यावर रील ओल्या फडक्याने पुसा, साइड प्लेट उघडून वाळू काढा, स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब द्या. ड्रॅग सैल करून ठेवा आणि पुढच्या वेळी नव्या ल्युअरसाठी नॉब पुन्हा तपासा.